आधी खापर, मग पोळी

मी पोटासाठी नेमकं काय करतो, हे आमच्या घरात आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. आप्पांना कुणी विचारलं, तर ते "धाकटा जळगावला कॉम्प्युटरमध्ये असतो" असं सांगून मोकळे होतात. जणू कॉम्प्युटर हे एखादं सरकारी खातं आहे आणि मला त्यात कायमची नोकरी लागली आहे! धुळ्याच्या दादाचा असा पक्का समज आहे, की मी मोबाइल दुरुस्त करतो. त्यामुळे सणासुदीला गेलो, की घरातले सगळे बिघडलेले चार्जर माझ्यापुढे आणून ठेवले जातात. आमच्या सौभाग्यवतींनी तर एकदा पाहुण्यांना "हे पानं लावतात" असं सांगितलं, आणि त्या सद्‌गृहस्थांनी मोठ्या आपुलकीनं विचारलं, "गादी कुठे आहे? बसस्टँडजवळ का?"

पानं मी लावतो, हे खोटं नाही. फक्त ती खायची नसतात, पाहायची असतात. मोबाइलच्या पडद्यावर तुम्ही मुलाचा निकाल पाहता, रेल्वेचं तिकीट काढता, बँकेत किती शिल्लक उरली ते पाहून सुस्कारा सोडता, ते पान कुणीतरी बसून मांडलेलं असतं. तसली पानं मांडण्याचा माझा धंदा. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पण या धंद्यातलं सगळ्यात मोठं मर्म मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. ते शिकवलं माझ्या आईनं, जी चौथीपर्यंत शिकली आहे आणि जिनं कॉम्प्युटरला आजवर हातसुद्धा लावलेला नाही. ते शिकण्यासाठी मी जी फी भरली, ती खरं म्हणजे तिनंच भरली. तीच हकीकत आज सांगणार आहे. दिवाळीच्या अंकात दवाखान्याची गोष्ट सांगू नये, हे मला कळतं. पण शेवट गोड आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्यांचा जीव उगीच टांगणीला लागायला नको.

हकीकत कळायला थोडं धंद्यातलं सांगणं भाग आहे. कंटाळू नका, फार वेळ घेणार नाही.

या पानांना हलतं-बोलतं करणारी जी भाषा आहे, तिचं नाव जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक नावाच्या गृहस्थांनी ती १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभी केली. दहा दिवसांत आमच्याकडे लग्नाच्या पाहुण्यांची यादीसुद्धा होत नाही! तेव्हा पानावर काही नवं हवं असलं, तर सबंध पान पुसलं जाई, पडदा पांढरा पडे आणि मग हळूहळू सगळं पुन्हा उमटे. पुढे १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये अशी सोय केली, की पान जागच्या जागी ठेवून हवी तेवढीच माहिती मागच्या मागे मागवता यावी. या रीतीला २००५ च्या फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी 'एजॅक्स' असं सुटसुटीत नाव दिलं, आणि मग जो तो तिच्या मागे लागला. मीही लागलो.

या मागच्या मागे मागवण्याला आमच्या धंद्यात 'असिंक्रोनस' म्हणतात. शब्द जिभेला अवघड आहे, पण गोष्ट रोजची आहे. धुळ्याच्या कुठल्याही खानावळीत जेवायला बसा. तिथला पोऱ्या तुमच्या टेबलापाशी येतो, ऑर्डर घेतो, आत भटारखान्याकडे तोंड करून ओरडतो, आणि तिथे खांबासारखा उभा न राहता पुढच्या टेबलाकडे वळतो. पदार्थ तयार झाला, की आतून हाक येते आणि तो ताट घेऊन येतो. जावास्क्रिप्ट हा असा एकटा पोऱ्या आहे. एका वेळी तो एकच काम करतो, पण कशाची वाट पाहत थांबत नाही.

आता यात एक मेख आहे. जे आधी सांगितलं, ते आधीच येईल असं नाही. पहिल्या टेबलानं भरीत सांगितलं. त्याची वांगी भाजायची, सोलायची, ठेचायची. दुसऱ्या टेबलानं मागाहून शेवभाजी सांगितली. तिचा रस्सा उकळतोच आहे, वर शेव टाकली की झालं. म्हणजे मागाहून सांगणाऱ्याचं ताट आधी येतं. कोणतं ताट कोणत्या टेबलाचं, हे पोऱ्याच्या ध्यानात असतं म्हणून निभतं. ते त्याच्या ध्यानात राहिलं नाही, तर एकाचं भरीत दुसऱ्याच्या पुढ्यात येतं. खानावळीत यानं फार तर फजिती होते.

दुसरी गोष्ट अ‍ॅनिमेशनची, म्हणजे पडद्यावरच्या हालचालीची. माणसाला थांबायचा मोठा कंटाळा. जेकब नील्सन या अभ्यासकानं १९९३ मध्ये आपल्या पुस्तकात हिशेब मांडला आहे: दशांश सेकंदात उत्तर आलं, तर ते आपल्याला तत्काळ आल्यासारखं वाटतं, एक सेकंदापर्यंत विचारांची तार तुटत नाही, दहा सेकंदांपुढे मन दुसरीकडे जातं. म्हणून हा मधला वेळ सुसह्य करायला आम्ही पानात हालचाल घालतो. जुना मजकूर अलगद डावीकडे सरकून जातो, नवा उजवीकडून येतो. बहुतेक पडदे सेकंदाला साठ वेळा नव्यानं रंगवले जातात, म्हणजे एकेका चित्राच्या वाट्याला सोळा-सतरा मिलिसेकंद येतात. त्यात जरा जरी अडखळलं, तरी डोळ्याला खटकतं. चाल रेशमासारखी झाली, की गिऱ्हाईक म्हणतं, "वा! काय सफाई आहे!" आणि बिल लवकर देतं.

तर आता माझ्यापुढचा पेच लक्षात घ्या. मजकूर किती वेळात सरकायचा, हे माझ्या हातात. पण दूरच्या सर्व्हरकडून उत्तर कधी येणार, हे कुणाच्याच हातात नाही. या दोघांचा मेळ घालायचा कसा? मी त्यावर एक सोपी युक्ती काढली होती. जळगावच्या माझ्या खोलीत बसून मी पुन्हा पुन्हा पाहिलं, तर उत्तर दीडशे-दोनशे मिलिसेकंदांत हटकून येई. तेव्हा मी चाल ठेवली चारशे मिलिसेकंदांची. चारशे मोजून होईपर्यंत उत्तर आलेलं असणारच! जावास्क्रिप्टमध्ये 'सेटटाइमआउट' नावाचा गजर असतो. तो चारशेवर लावायचा, वाजला की नवा मजकूर पुढे ढकलायचा. उत्तर त्याहूनही उशिरा आलं, तर येईल तेव्हा ते आपलं आपण जागेवर जाऊन बसेल, अशीही सोय मी करून ठेवली होती. त्या चारशेवर मी दोन वर्षं सुखानं जगलो.

त्याच सुमाराला एका पॅथॉलॉजी लॅबचं काम मिळालं. लॅबचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. त्यांना असं पान हवं होतं, की एका कुटुंबाला एक नंबर द्यायचा, तो घातला की घरातल्या माणसांची नावं दिसावीत, आणि ज्या नावावर बोट ठेवू त्याचा रिपोर्ट पुढे यावा. मी ते हौसेनं केलं. बोट ठेवताक्षणी वर नावाची पट्टी बदलायची, जुना रिपोर्ट बाजूला सरकायचा आणि नवा डौलानं आत यायचा. नाव मी लगेच बदलत असे, कारण त्यामुळे पान चपळ वाटतं. लॅबचे मालक खूश झाले. मीही खूश झालो. धुळ्याला फोन करून दादाला म्हटलं, "आता आई-आप्पांच्या रिपोर्टसाठी तुला उन्हातान्हात खेपा नकोत. घरबसल्या पाहत जा."

दादानं माझं ऐकलं. धाकट्या भावाचं त्यानं ऐकल्याचे प्रसंग आयुष्यात थोडे. त्यांतला हा एक.

२०१९ सालची आखाजी जवळ आली होती. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात, आणि दिवाळीपेक्षा तिचं कौतुक कमी नसतं. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, घरोघर आमरस होतो आणि त्याच्या जोडीला खापरावरच्या पुरणपोळ्या. ज्यांनी ही पोळी पाहिली नसेल, त्यांना सांगतो. चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घालतात. पुरण भरलेला उंडा थोडासा लाटून घेतात आणि मग तो दोन्ही हातांवर झेलत झेलत असा काही ताणतात, की पाहता पाहता त्याची रुमालाएवढी पातळ पोळी होते आणि कोपरापर्यंत लोंबते. मग ती अलगद त्या तापल्या खापरावर टाकायची. आमच्या आईचा यात हातखंडा. आखाजीच्या दिवशी गल्लीतल्या सुनांना ती पुढ्यात बसवून शिकवी.

त्या वर्षी मात्र ती जरा थकल्यासारखी दिसत होती. जिना चढली, की दम लागे. दादानं आई-आप्पा दोघांचंही रक्त तपासायला दिलं. आप्पांना मधुमेह आहे, त्यांची तपासणी नेहमीचीच. आईची बऱ्याच वर्षांनी. सणाच्या दोन दिवस आधी रिपोर्ट आले. दादा दुकानात होता. लग्नसराईची गर्दी, एका हातात मीटरपट्टी, दुसऱ्या हातात मोबाइल. आधी बोट पडलं आप्पांच्या नावावर. पाहायचा होता आईचा, म्हणून त्यानं लगेच आईच्या नावावर ठेवलं. वर नाव आलं आईचं. खाली आकडे सरकत आले. हिमोग्लोबिन १३.६. दादानं शिरस्त्याप्रमाणे पडद्याचं चित्र काढून ठेवलं आणि घरी फोन केला, "आई एकदम ठणठणीत आहे. थोडी साखर वाढली आहे, तिचं सणानंतर पाहू."

मग सगळ्यांनी ठरवून टाकलं, की दम लागतो तो उन्हाचा. मी तर जळगावहून फोनवर तिला वर उपदेश केला, "आई, आता वय झालं. जिने चढू नकोस." ती "बरं" म्हणाली. आमच्या पिढीनं तिला काहीही सांगितलं, की ती "बरं" म्हणते आणि आपल्याला हवं ते करते.

आखाजीच्या दिवशी सकाळी मी निघण्याच्या तयारीत असताना वहिनींचा फोन आला. आई खापरापुढे बसली होती. पोळी टाकायला वाकली आणि घेरी येऊन तशीच कलंडली. मनगट खापराला टेकून भाजलं. दादा तिला दवाखान्यात घेऊन गेला होता.

जळगाव ते धुळे नव्वदएक किलोमीटरचा रस्ता. एसटीत खिडकीशी बसलो. एरंडोल मागे पडलं आणि दादाचा फोन आला. म्हणाला, "डॉक्टर विचारतात, आधीचा काही रिपोर्ट आहे का. मी सांगितलं, दोन दिवसांपूर्वी हिमोग्लोबिन १३.६ होतं. त्यांचा विश्वास बसत नाही. पापणी ओढून पाहिली, तर आतून पांढरीफटक." मी म्हटलं, "थांब, मी पाहतो." पान उघडलं, नंबर घातला, आईच्या नावावर बोट ठेवलं. माझंच पान, माझ्याच रेशमी चालीनं रिपोर्ट आत आला. हिमोग्लोबिन ६.८.

मी दादाला तसं सांगितलं. तो चिडला. म्हणाला, "मी डोळ्यांनी पाहिलंय. चित्रसुद्धा काढून ठेवलंय, पाठवतो." ते आलं. वर आईचं नाव, वय ७१, स्त्री. खाली साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन १३.६, आणि अगदी तळाशी, जिथवर घाईत कुणी वाचत नाही तिथे, शेवटची ओळ: पी. एस. ए. ही तपासणी प्रोस्टेट ग्रंथीची असते, आणि ती ग्रंथी फक्त पुरुषांना असते.

बस पारोळ्याकडे धावत होती. शेजारचे गृहस्थ आंब्याची करंडी मांडीवर घेऊन डुलक्या घेत होते. मला मात्र त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं. आप्पांचं ताट आईच्या टेबलावर गेलं होतं, आणि वाढणारा मी होतो.

पहिली गोष्ट ही केली, की दादाला सांगितलं, "६.८ खरं आहे. डॉक्टरांना आत्ता सांग." त्यांनी लगेच पुन्हा तपासून घेतलं, आकडा तसाच निघाला, आणि रक्त द्यायची व्यवस्था झाली. दुसरी गोष्ट, लॅबच्या मालकांना फोन लावला. म्हटलं, "साहेब, पान आत्ताच्या आत्ता बंद करा. चूक माझी आहे." एसटीच्या खडखडाटात हे दोनदा ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे माझी कबुली निम्म्या बसनं ऐकली. मालक क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बंद करतो. पण आणखी कुणाच्या बाबतीत असं झालं असेल तर?" हा प्रश्न मला सुचायला हवा होता. कुणी कोणतं नाव कधी उघडलं, याची नोंद सर्व्हरवर राहते. त्यावरून जिथे जिथे दोन नावं पाठोपाठ उघडली गेली होती, ती घरं त्यांनी काढली, त्या प्रत्येक घरी फोन केला आणि छापील रिपोर्ट पोचते केले. सुदैवानं दुसऱ्या कुणाचं काही बिघडलं नव्हतं. सुदैवानं! माझ्या हुशारीनं नव्हे.

त्या रात्री आईच्या खाटेजवळ दादा बसला होता. मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. इंटरनेट मुद्दाम संथ करून पाहण्याची सोय ब्राउझरमध्येच असते. दोन वर्षांत मी ती कधी वापरली नव्हती, कारण माझ्या खोलीत इंटरनेट वेगानं चालत होतं. आता ती लावली. आप्पांच्या नावावर बोट ठेवलं, लगेच आईच्या. आप्पांचे दहा वर्षांचे रिपोर्ट, मोठं ओझं, त्याला वेळ लागला. आईचं एकच पान, ते आधी आलं. क्षणभर ६.८ दिसलं. आणि मग आप्पांचं उशिराचं उत्तर येऊन त्याच्यावर जाऊन बसलं. वरचं नाव आईचंच राहिलं.

मला सगळ्यात लागलं ते पुढेच आहे. ते चुकीचं उत्तर जर धाडकन आदळलं असतं, पडदा लुकलुकला असता, तर दादानं निदान दुसऱ्यांदा पाहिलं असतं. पण माझ्या सुबक चालीनं ते खोटं इतकं बेमालूम आत आणलं, की शंका यायला जागाच उरली नाही. हालचाल माणसाला सांगत असते, "जुनं गेलं, नवं आलं, झालं." आणि मी हे 'झालं' घड्याळाकडे पाहून म्हणत होतो, खरोखर झालं की नाही, ते विचारतच नव्हतो.

दुरुस्ती अवघड नव्हती. अवघड नव्हती, याचंच जास्त वाईट वाटलं. पहिलं म्हणजे प्रत्येक मागणीला नंबर दिला, जसा खानावळीत टेबलाला असतो. उत्तर आलं, की आधी त्याचा नंबर पाहायचा. शेवटच्या मागणीचा नसेल, तर टाकून द्यायचं. दुसरं, नव्या नावावर बोट पडलं, की आधीची मागणी रद्द करायची. त्यासाठी 'अबॉर्ट कंट्रोलर' नावाचं साधन ब्राउझरांत आलेलं होतं. पण रद्दचा निरोप कधीकधी उशिरा पोचतो, म्हणून ते असलं तरी नंबर तपासायचाच. तिसरं, नाव आणि आकडे एकाच उत्तरातून घ्यायचे. आकडे आल्याशिवाय नाव बदलायचं नाही. पान थोडं कमी चपळ वाटेल, वाटू दे.

चौथी गोष्ट त्या चारशेच्या गजराची. तो काढून टाकला आणि त्या जागी वचन घातलं. थट्टा नाही, जावास्क्रिप्टमध्ये 'प्रॉमिस' नावाची वस्तूच आहे. डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज या दोघांनी १९७६ मध्ये ही कल्पना या नावानं मांडली, आणि २०१५ च्या नियमावलीपासून ती जावास्क्रिप्टच्या भाषेतच आली. मागणी केली, की उत्तराऐवजी आधी हातात वचन पडतं. ते प्रलंबित असतं. पुढे एकतर पाळलं जातं, नाहीतर मोडतं. सर्व्हरचं उत्तर हे एक वचन. जुना मजकूर सरकून जाणं, हेही दुसरं वचन करता येतं; चाल संपली, की ते पाळलं जातं. आणि मग 'प्रॉमिस ऑल' म्हणून दोन्ही वचनं एकत्र बांधायची: दोघंही पाळली गेली, तरच पुढचं पाऊल. चाल आधी संपली, तर ती उत्तरासाठी थांबेल आणि मधल्या जागेत "रिपोर्ट येत आहे" असं साधं वाक्य दिसेल. उत्तर आधी आलं, तर ते चालीसाठी थांबेल. वचन मोडलं, तर जुने आकडे झाकून स्पष्ट लिहायचं, "रिपोर्ट मिळाला नाही. पुन्हा पाहा." कुणी किती वेळ घ्यायचा, हे घड्याळानं ठरवायचं नाही.

हे सगळं २०१९ च्या कितीतरी आधीपासून लोकांना ठाऊक होतं. मीही वाचलेलं होतं. पण चारशे चालत होते ना!

पहाटे दादा बाहेर येऊन शेजारी बसला. मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, आता बोलेल. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मीही शेवटची ओळ वाचली नाही." आमच्या घरात एकमेकांना क्षमा करण्याची ही रीत आहे.

आईच्या रक्ताचं कारण पुढे कळलं. गुडघ्यांसाठी ती दुकानातून परस्पर दुखण्याच्या गोळ्या आणून घेत होती. त्यांनी जठराला इजा होऊन आतल्या आत थोडं थोडं रक्त जात होतं. गोळ्या बंद झाल्या, औषध सुरू झालं, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर रंग दिसू लागला. त्या दिवशी तिच्या बांधलेल्या मनगटाकडे पाहत मी तिला खरं काय ते सांगितलं. आई अहिराणीत बोलते. तिचं बोलणं मी इथे शहरी करून सांगतो.

तिनं पहिला प्रश्न विचारला, "दुसऱ्या कुणाच्या मायला काही झालं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"मग आता नीट सांग, झालं काय ते."

मी चाल, उत्तर, चारशे, सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिनं डोळे मिटून ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तू घड्याळ पाहून पोळी टाकत होतास."

मी पाहतच राहिलो.

"अरे, पोळी एकदा हातावर घेतली, की ती थांबत नाही. ताणत जाते, फाटते. आणि खापर तापायला किती वेळ लागेल ते कुणी सांगावं? पऱ्हाट्या कोरड्या असल्या, तर लवकर तापतं. ओल्या असल्या, तर बसा फुंकत. एखाद्या दिवशी वारा असतो. काल इतक्या वेळात तापलं, म्हणून आज तापेल होय? पाण्याचा शिंतोडा मारून पाहायचा. तडतडला, म्हणजे खापर हो म्हणालं. मग उंड्याला हात घालायचा." आणि मग तिनं मला तिच्या भाषेत अख्ख्या धंद्याचं सूत्र सांगितलं, "पहिले खापर देख, मंग पोळी उचल."

त्यानंतरच्या दोन आखाज्या, २०२० ची आणि २०२१ ची, करोनाच्या धास्तीत आपापल्या घरी गेल्या. २०२२ मध्ये आम्ही सगळे पुन्हा धुळ्याला जमलो. आईचं हिमोग्लोबिन बाराच्या घरात आलं होतं. तो रिपोर्ट मी छापील आणवला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तिला चुलीपुढे बसू द्यायचं नाही, असं घरात एकमतानं ठरलं. ती "बरं" म्हणाली, आणि सकाळी उठून पाहतो तर चूल पेटलेली, खापर पालथं घातलेलं, आणि आई पाटावर बसून पुरणाचे उंडे करते आहे.

मी मुकाट्यानं शेजारी बसलो. तिनं पाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी बोटं बुडवून शिंतोडा मारला. थेंब खापरावरून नुसतेच ओघळले.

"तापलं का?" तिनं विचारलं.

"अजून नाही."

मागे माणसं खोळंबली होती, आमरसाचं पातेलं भरून ठेवलेलं होतं, दादाची मुलं दोनदा दारात डोकावून गेली. मी चुलीत आणखी दोन पऱ्हाट्या सरकवल्या, थोडं थांबलो आणि पुन्हा शिंतोडा मारला. या वेळी थेंब तडतडून उडाले.

"तापलं," मी म्हणालो.

तोवर तिनं उंड्याला हात लावला नव्हता.